जमिनीची ‘डीएनए चाचणी’: गोदाकाठच्या शेतकऱ्याने पैसे नेमके कशाला मोजावेत?

गेवराई तालुक्याची उत्तरेकडची शीव गोदावरीने आखलेली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टी आणि जायकवाडीचा विसर्ग एकत्र आले. या काठावर उभे पीक तर गेलेच, अनेक ठिकाणी पिकाखालची मातीही गेली. कुठे वीतभर थर खरडून मुरूम उघडा पडला, कुठे दुसऱ्याच्या शेतातला गाळ येऊन बसला, कुठे कापसात आठ-दहा दिवस पाणी साचून मुळे कुजली. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची कामे धरली होती. रोख रकमेचा हिशेब एकरी साधारण १९ हजार रुपये होतो.

या १९ हजारांवर अनेकांचा डोळा असतो. त्यातला एक प्रस्ताव नवा आहे आणि ऐकायला शास्त्रीय वाटतो: ‘तुमच्या मातीचा डीएनए तपासू, कोणते जिवाणू कमी झाले ते सांगू आणि त्यानुसार जिवाणूंच्या बाटल्या देऊ.’ रंगीत वर्तुळांचा, लांबलचक लॅटिन नावांचा अहवाल हातात पडला की नाही म्हणणे अवघड जाते. मातीतून डीएनए काढण्याचे शास्त्र खरे आहे, भक्कम आहे. प्रश्न एवढाच, की त्या अहवालावरून खरीपाचा निर्णय घेता येतो का? बहुतेक वेळा येत नाही. काही ठरावीक वेळा मात्र येतो आणि तेव्हा त्याला दुसरा पर्याय नसतो. हा फरक तुम्हाला कळला, तर पैसे योग्य ठिकाणी जातील.

आधी जिवाणू वाढवून मोजत, आता थेट डीएनए काढतात

पूर्वी मातीतले जिवाणू मोजायचे तर माती पाण्यात कालवून काचेच्या बशीत, पोषक जेलीवर पसरत आणि उगवलेले ठिपके मोजत. जैविक खताचे पाकीट आजही असेच तपासतात. पण मातीतल्या सूक्ष्मजीवांपैकी फार थोडे अशा बशीत वाढतात, साधारण शंभरात एक असे ढोबळ प्रमाण सांगितले जाते. बाकीचे दिसतच नाहीत. नॉर्वेच्या विग्डिस टॉर्सविक यांनी १९८० मध्ये मातीतल्या जिवाणूंचा डीएनए थेट वेगळा करण्याची पद्धत मांडली. १९९० मध्ये त्यांच्याच गटाने जंगलातल्या मूठभर मातीत सुमारे चार हजार वेगवेगळ्या जिवाणूंइतका डीएनए असल्याचा अंदाज दिला. बशीत उगवणारे त्याच्या पासंगालाही पुरत नव्हते.

आपल्याकडे हे काम नवे नाही. बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या गाळातून डीएनए काढून तिथल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००६ मध्येच प्रसिद्ध केला. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा वन विभागाने नमुने नागपूरच्या नीरी आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे आघारकर संस्थेने सांगितले. लोणारचा खड्डा ज्या काळ्या बेसाल्टात आहे, त्याच दगडाची झिजून झालेली माती तुमच्या शेतात आहे. त्यामुळे ‘हे परदेशातले शास्त्र, आपल्या मातीला लागू नाही’ असे म्हणायला जागा नाही. अडचण वेगळीच आहे.

प्रयोगशाळेत काय होते ते थोडक्यात बघा. माती बारीक मण्यांसोबत नळीत घालून जोराने हलवतात, म्हणजे जिवाणूंच्या भिंती फुटतात. साबणासारखे रसायन घालून आतला माल बाहेर काढतात. प्रथिने आणि मातीतला तपकिरी रंग वेगळे करतात. खारट द्रावणात डीएनए सिलिकाच्या पडद्याला चिकटवतात, अल्कोहोलने धुतात आणि शेवटी थोड्या पाण्यात उतरवून घेतात. मग त्यातला जिवाणू ओळखण्यापुरता किंवा बुरशी ओळखण्यापुरता तुकडा निवडून त्याच्या लाखो प्रती करतात आणि वाचतात. हे वाचन संगणकातल्या नोंदींशी ताडून नावांची यादी तयार होते.

काळी माती डीएनए सोडत नाही

भारी काळ्या जमिनीची जी चिकणमाती पाणी आणि पालाश धरून ठेवते, तीच डीएनएही धरून ठेवते. आपल्या जमिनी चुनखडीयुक्त, सामू बहुधा आठच्या आसपास किंवा वर. डीएनए आणि चिकणमातीचा कण दोघांवरही ऋण भार असतो. मधला कॅल्शियम दोघांना सांधतो. जिवाणू फुटला तरी त्याचा डीएनए मातीला चिकटून राहतो. म्हणून काळ्या मातीसाठी जाणकार प्रयोगशाळा द्रावणात फॉस्फेट घालून तो सोडवून घेतात. दुसरा त्रास ह्यूमिक आम्लांचा. कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातली ही तपकिरी द्रव्ये डीएनएबरोबर निघतात आणि पुढे प्रती करणारे विकरच अडवतात. नमुना ‘रिकामा’ दिसतो, प्रत्यक्षात तो मळका असतो.

याचा तुमच्याशी संबंध असा: तुमच्या खरडलेल्या शेतात ‘जिवाणू कमी’ असे लिहून आले, तर ते जिवाणू खरेच कमी आहेत, की त्या मातीतून डीएनए कमी निघाला, हे एका अहवालातून कळत नाही. शेजारच्या न खरडलेल्या शेताचा नमुना त्याच दिवशी, त्याच पद्धतीने तपासलेला असेल, तरच तुलना करता येईल.

आणखी एक हिशेब करा. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या संचात पाव ग्रॅम माती वापरतात. तुमच्या एक एकरातल्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन भरते साधारण ८ लाख किलो. त्यातली पाव ग्रॅम! नमुना शेताच्या पंधरा-वीस ठिकाणांहून घेऊन नीट एकत्र केला नसेल, तर तो अहवाल तुमच्या शेताचा नाही, त्या चिमटीचा आहे.

अहवालात काय असते, काय नसते

पहिली गोष्ट, डीएनए म्हणजे जिवंत जिवाणू नव्हे. मेलेल्या जिवाणूंचा डीएनए मातीत बराच काळ टिकतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या गटाने २०१६ मध्ये दाखवले, की त्यांनी तपासलेल्या मातींमध्ये सरासरी ४० टक्के डीएनए असा मागे राहिलेला होता. पाणी साचून मुळे आणि त्यांच्याभोवतीचे जिवाणू मेलेल्या शेतात हा मुद्दा तर अधिकच लागू पडतो. अहवालात ज्यांची नावे भरपूर दिसतात, त्यातले काही पुरातच संपलेले असू शकतात.

दुसरी गोष्ट टक्केवारीची. अहवालात सहसा ‘अमुक गट १० टक्के’ असे लिहिलेले असते. हे दहा टक्के कशाचे? वाचल्या गेलेल्या डीएनएचे. एका शेतात एकूण जिवाणू दुसऱ्याच्या निम्मे असले तरी दोन्हीकडे ‘१० टक्के’ येऊ शकते. शिवाय जिवाणू ओळखायचा जो तुकडा वाचतात, त्याच्या काही जिवाणूंत एक-दोन प्रती असतात, तर काहींत पंधरापर्यंत. म्हणजे शिरगणतीत कोणी एकदा मोजला गेला, कोणी पंधरा वेळा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण घाबरवण्यासाठी तीच वापरता येते. ‘तुमच्या जमिनीत फ्युजेरियम सापडला.’ तुरीच्या मर रोगाचे नाव ऐकलेला शेतकरी हे वाक्य वाचून लगेच पाकीट काढेल. पण फ्युजेरियम नसलेले शेत शोधूनही सापडणार नाही. या बुरशीच्या शेकडो जाती आहेत. बहुतेक कुजलेल्या काडीकचऱ्यावर जगतात. तुरीला मारणारी जात वेगळी, फ्युजेरियम उडम. नेहमीच्या डीएनए वाचनात वाचला जाणारा तुकडा इतका छोटा असतो, की बऱ्याचदा कुळापर्यंतच ओळख पटते. आडनाव कळते, माणूस कळत नाही. बॅसिलसचेही तसेच. तुमच्या तुरीत मर येते की नाही, हे मागच्या तीन वर्षांत त्या वावरात किती झाडे वाळली यावरून जास्त खात्रीने कळते. झाड उभे चिरून खोडात काळपट-तपकिरी रेषा दिसल्या, तर निदान तिथेच होते आणि उपाय पीक फेरपालट व मर प्रतिकारक वाण हाच राहतो.

चौथे असे, की कोणत्या गटाचे किती प्रमाण ‘योग्य’ आहे याचा मराठवाड्याच्या काळ्या जमिनीसाठी मान्य झालेला तक्ता नाही. मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. यातल्या प्रत्येकाला कमी-मध्यम-भरपूर अशा मर्यादा आहेत, कारण त्यांच्यामागे वर्षानुवर्षांचे शेतातले प्रयोग आहेत. जिवाणूंच्या टक्केवारीमागे असे प्रयोग अजून उभे राहायचे आहेत. ‘कमी’ असा लाल शिक्का कोणी मारला असेल, तर एकच प्रश्न विचारा: कोणत्या शेतांच्या तुलनेत कमी?

बाटलीचा हिशेब

समजा अहवाल बरोबर आहे. तरी पुढचा उपाय, म्हणजे बाटली, किती काम करील? खत नियंत्रण आदेशानुसार द्रवरूप रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर किंवा स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणू खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. पावडरीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी. म्हणजे चांगल्या प्रतीच्या एक लिटरमध्ये १० हजार कोटी जिवाणू झाले. आकडा मोठा आहे. आता जमीन बघा. एका ग्रॅम मातीत फक्त १० कोटी जिवाणू धरले, तरी एकराच्या वरच्या थरात जुने रहिवासी इतके होतात, की एका नव्या जिवाणूमागे आठ लाख जुने. बाटली मोकळ्या रानात ओतली तर पाहुण्यांची गत काय होईल ते सांगायला नको.

हेच जिवाणू बियाण्याला चोळले तर चित्र पालटते. बी उगवते, पहिले मूळ फुटते आणि त्या मुळाभोवती आधी पोहोचलेले तेच असतात. म्हणून दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम पावडरीची बीजप्रक्रिया ही जुनी शिफारस आजही एकरी खर्चाच्या मानाने सर्वांत फायद्याची आहे. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू खत हा क्रम मात्र पाळा. मोसंबी, हळदीसारख्या पिकात ते मुळाशी आणि शेणखतात मिसळून दिले तर टिकतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ‘बायोमिक्स’ मराठवाड्यातले शेतकरी घेऊन जातात, तेही मुळाजवळ आणि ओल असताना दिले तरच उपयोगी.

बाजाराची बाजूही ध्यानात ठेवा. जैवउत्तेजके केंद्राने फेब्रुवारी २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली आणली. त्यात जिवंत सूक्ष्मजीवांचाही एक गट आहे. तात्पुरत्या नोंदणीवर चाललेला कारभार जून २०२५ मध्ये संपला. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी त्याच वर्षी जुलैत सांगितले, की सुमारे ३० हजार उत्पादने कित्येक वर्षे बिनतपासणी विकली जात होती आणि नियम कडक केल्यावर आकडा ६५० च्या आसपास आला. तेव्हा अहवालासोबत येणारी बाटली कोणत्या आदेशाखाली, कोणत्या नोंदणीवर विकली जाते, हे आधी विचारा. पक्की पावती घ्या. शंका आली तर सील न फोडलेले पाकीट पंचायत समिती किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांना दाखवा. नमुना काढण्याचा अधिकार खत निरीक्षकाचा आहे आणि जैविक खते तपासणारी केंद्राची मान्य प्रयोगशाळा नागपूरला आहे. यातली गंमत अशी, की बाटली तपासायला डीएनए पुरत नाही. मेलेल्या जिवाणूंची बाटलीही डीएनए चाचणीत उत्तीर्ण होईल. तिथे जुनी बशीतली मोजणीच हवी.

जिथे डीएनए चाचणीशिवाय मार्ग नाही

आता दुसरी बाजू. गेवराई, पैठण, अंबड, घनसावंगी हा गोदेच्या दोन्ही अंगांचा मोसंबीचा पट्टा आहे. पुरानंतर बऱ्याच बागा नव्याने लावाव्या लागणार आहेत आणि इथे एका चाचणीवर पुढच्या पंधरा वर्षांचे उत्पन्न अवलंबून आहे.

मोसंबीचा ग्रीनिंग रोग एका जिवाणूमुळे होतो. तो झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो, सिट्रस सायला ही कीड आणि रोगट डोळा यांच्यामार्फत पसरतो. हा जिवाणू प्रयोगशाळेत बशीवर नेहमीच्या पद्धतीने वाढवता येत नाही. पाने पिवळी पडतात ती जस्ताच्या कमतरतेसारखी दिसतात. फरक इतकाच, की ग्रीनिंगमध्ये पानाच्या मधल्या शिरेच्या दोन बाजूंना पिवळेपणा सारखा नसतो. नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही. पानाच्या शिरेतून डीएनए काढून त्या एकाच जिवाणूचा शोध घेणारी पीसीआर चाचणी हाच भरवशाचा मार्ग. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत हे काम चालते आणि रोगमुक्त मातृवृक्षांवरून कलमे तयार करण्याचा पायाही हाच आहे.

फरक लक्षात आला? मातीच्या अहवालात प्रश्नच नसतो. ‘काय काय आहे ते सांगा’ एवढेच. इथे प्रश्न एकच आहे, उत्तर हो किंवा नाही आणि त्यावर काय करायचे तेही ठरलेले: रोपवाटिकेचा तो मातृवृक्ष बाद, त्यावरची कलमे नकोत. रोपामागे चार पैसे जास्त मागणाऱ्या रोपवाटिकेला डोळकाडी कोणत्या मातृवृक्षाची आणि त्याची चाचणी कधी झाली, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. दहा-पंधरा जणांनी मिळून बाग लावायची असेल, तर मातीच्या रंगीत अहवालांवर जाणारा पैसा या एका चाचणीकडे वळवणे शहाणपणाचे.

खरडलेल्या जमिनीत जिवाणू कसे परत येतात

वरचा थर गेला म्हणजे जिवाणूंबरोबर त्यांचे अन्नही गेले. पत्रिकेवरचा सेंद्रिय कर्बाचा आकडा जिवाणूंच्या सर्वांत जवळचा आहे. मातीतल्या कर्बापैकी शेकडा एक ते चार भाग हा सूक्ष्मजीवांच्या शरीरातला असतो. कर्ब नसताना जिवाणू सोडणे म्हणजे रिकाम्या गव्हाणीला जनावर बांधणे. तेव्हा १९ हजारांचा मोठा वाटा मातीत आणि शेणखतात जाऊ द्या. तलावातला गाळ आणणार असाल तर आधी त्याचा सामू आणि क्षारता तपासून घ्या, ही साधी चाचणी आहे. पहिल्या पावसावर एकरी २० ते २५ किलो ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यात गाडा. शक्य असेल तर एकरी चार-पाच टन कुजलेले शेणखत. बांधावरची, जुन्या झाडाखालची न खरडलेली माती शेणखतात मिसळून पसरली तर तुमच्याच शिवारातले, तुमच्याच उन्हाला सरावलेले जिवाणू आयते परत येतात.

पाणी साचलेल्या पण न खरडलेल्या जमिनीची काळजी कमी आहे. तिथे हवा कोंडल्यामुळे नत्र उडून गेला, गाठींचे जिवाणू घटले. पण वाफसा आला, वखरणी झाली, की वस्ती हळूहळू सावरते.

आणि फरक पडतो आहे का हे बघायला घरचे दोन मार्ग आहेत. सोयाबीन किंवा तूर ४०-४५ दिवसांची झाली की पाच-सहा झाडे उपटू नका, खुरप्याने मातीसकट काढून मुळे धुवा. गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर ती नत्र बांधते आहे; पांढरट, हिरवट किंवा करडी असेल तर ती फुकट बसलेली आहे. दुसरे, जुन्या पांढऱ्या सुती कापडाचे सारखे तुकडे खरडलेल्या आणि न खरडलेल्या भागात वीतभर खोल पुरा, खुणेला काठी रोवा, दोन महिन्यांनी काढा. जिथे कापडाच्या चिंध्या झाल्या तिथे कुजवणारी फौज कामावर आहे.

कृषी सहायकांसाठी: नमुना घ्यायचाच असेल तर

विद्यापीठाचा किंवा खामगावच्या कृषी विज्ञान केंद्राचा एखादा अभ्यास असेल, गटाला चार-पाच वर्षे एकाच शेताचा मागोवा घ्यायचा असेल, तर मातीची डीएनए तपासणी जरूर करावी. मराठवाड्याच्या जमिनीचा तक्ता अशाच नोंदींतून तयार होणार आहे. पण नमुना खताच्या मातीपरीक्षणासारखा घेऊ नका. तिथे माती सावलीत वाळवतो. इथे वाळवली की काम बिघडते. स्पिरिटने पुसलेली खुरपी, हातमोजे, नवी पिशवी. पंधरा-वीस ठिकाणची १५ सेंटिमीटरपर्यंतची माती एकत्र करून त्यातली मूठभर घ्या आणि लगेच बर्फाच्या पेटीत ठेवा. मे महिन्यात एसटीच्या टपावरून दोन दिवस प्रवास केलेली माती तपासली, तर पिशवीत वाढलेले जिवाणू मोजले जातील. खरडलेल्या शेताबरोबर त्याच पिकाचे न खरडलेले शेत घ्या, दोन्हींचे किमान तीन-तीन नमुने. प्रयोगशाळेने मातीशिवाय रिकामी नळीही सोबत चालवली का ते विचारा, कारण संचातल्या रसायनांतही जिवाणूंचा डीएनए सापडतो. पिशवीवर गट क्रमांक, तारीख, मागचे पीक, पाणी किती दिवस साचले होते हे लिहा. आणि त्याच ठिकाणची वेगळी माती सावलीत वाळवून नेहमीच्या परीक्षणाला द्या. सामू आणि सेंद्रिय कर्ब जोडीला नसतील तर डीएनएच्या यादीचा अर्थ लावता येत नाही.

मोसंबीच्या पानांचा नमुना मात्र उन्हाळ्यात नको. पावसाळा सरल्यावर, थंडी सुरू झाल्यापासून पुढे, झाडाच्या चारही बाजूंची पिवळे चट्टे आलेली पक्व पाने देठासह घ्यावीत. प्रत्येक झाडाची पिशवी वेगळी आणि झाडाला त्याच क्रमांकाची पट्टी.